नावेचं नाणं

सत्तर पानांचा एक पुडा.
असे पुडे मोजण्यात माझे बावीस उन्हाळे गेले.
तेंदूच्या फळीवर शंभराची एक ओळ लागते,
कुणाचीही ओळ कुणीही मोजावी,
चूक निघाली की आधी शेजारीण बोलते, मग मी, मुन्शी.
लोमेश म्हणतो, "आत्ये, तुझी फळी म्हनजेच आमची ब्लॉकचेन.
फक्त शेजारनी जगभर बसल्या."

लोमेश माझ्या भावाचा. हैदराबादेत असतो.
चष्म्यासाठी त्याने मला शंभर डॉलर पाठवले,
डॉलर नव्हे, डॉलरची सावली,
भाव न हलणारं एक टोकन.
फोनवर दिसत होतं. शंभर. लख्ख.
वडशाच्या मोबाइलवाल्याला ते वळतं करायचं, रुपये घ्यायचे,
एवढंच काम.
बटण दाबलं तर पाटी आली:
शुल्कासाठी नाणं अपुरं.

"अरे, त्यातलंच काप ना दोन-चार."
"नाही कापता येत. या साखळीचं भाडं
या साखळीच्याच नाण्यात लागते."

तेव्हा मला झिंगरू मारबते आठवला.
पूल व्हायच्या आधी वैनगंगेवर नाव त्याची.
एकदा मी काठावर, डोक्यावर मोहफुलांचं पोतं,
हातात छदाम नाही.
म्हणाला, "फुलं घेऊन मी कोठी जाऊ बाई, चिल्लर दे."
पोतं भरलेलं, नदी भरलेली,
आणि मी अलीकडे.

बाजाराच्या दिवशी झिंगरू दोन रुपये जास्त घ्यायचा.
तिथेही तसंच म्हणे, दाटी झाली की जो वर देईल
त्याचा पाय आधी नावेत.
आणि मधल्या धारेत बाया गंगेला एक नाणं टाकत,
ते झिंगरूचं नाही, कुणाचंच नाही.
लोमेश म्हणतो, भाड्यातला थोडा वाटा तिथेही असाच जाळतात.
कशासाठी? म्हणाला, उरलेल्या नाण्यांची किंमत राहावी म्हणून.
हे मला पटलं की नाही, अजून ठरलं नाही.

पण राखणदारांचं पटलं.
हिशेब राखायला बसायचं तर आधी आपली नाणी अडकवून ठेवायची,
नीट मोजलं तर वर थोडी भर,
खोटं मोजलं तर अनामत कापली.
एका साली ठेकेदाराच्या माणसानं
सत्तरचा पुडा पंचाहत्तरचा केला होता, गुपचूप.
त्याचं काय कापलं?
दुमजली घर बांधलं त्यानं.

"आणखी एक उपयोग हाये आत्ये. नियम बदलायचे तर
त्याच नाण्यानं मत देता येते. जेवढी नाणी, तेवढं मत."
मी म्हटलं, थांब.
बेहड्याच्या झाडाखाली ग्रामसभा भरली होती त्या दिवशी
रुखमी हलामीकडे बकरीसुद्धा नव्हती.
तिचा हात वर गेला, मग तिच्यामागच्या बायांचे,
आणि शेकड्याचा भाव फिरला.
हात एकच होता लोमेश. तिचाही, पाटलाचाही.
तो गप्प.
फोनमधून त्याच्या खोलीतला पंखा ऐकू येत होता.

मग त्यानं ते नाणं धाडलं, चहाच्या दोन कपांएवढं.
सावली हलली. पलीकडे लागली.
कोणत्या मुलखातल्या शेजारणीनं मोजली, कोण जाणे.

चष्मा आला. पानाच्या शिरा
इतक्या असतात हे मी विसरूनच गेले होते.

फोनमध्ये अजून थोडं उरलंय,
शून्य, टिंब, मग कितीतरी शून्यं, मग सात.
मी विचारलं, ही धूळ झाडून टाकू?
"राहू दे ना. परत कधी पाठवायचं झालं तर."

झिंगरू जाताना परतीचं भाडं कधीच घेत नसे.
म्हणायचा, नदी हाये बाई,
सांजेला किती पानी असंल
आता कसा सांगू.